यंदाची कोजागिरी पबात : मिडलंड्समधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

मिडलंड्समधल्या समस्त मराठी मंडळींना,

स. न. वि. वि.

हे पत्र एका बंद पडलेल्या पबबद्दल आहे आणि अजून कसाबसा सुरू असलेल्या दुसऱ्या एका पबबद्दल. विषय वाचून कोणी नाक मुरडलं असेल तर आधीच सांगतो, मी दारूला शिवत नाही. वडील माळकरी. त्यांची माळ माझ्या गळ्यात आली नाही, धाक मात्र आला. बर्मिंगहॅमजवळच्या टिप्टनमध्ये राहायला येऊन मला सव्वीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं मी दर गुरुवारी संध्याकाळी पबात बसलो आणि लिंबू-सोडा प्यायलो. त्याचा हिशेब पुढे येईलच.

आमच्या घरामागच्या कालव्यावरचा पब गेल्या वर्षी फेब्रुवारीत बंद झाला. त्याचं नाव लिहीत नाही, मालक कंपनीचंही नाही, कारण प्रकरण अजून कौन्सिलच्या टेबलावर आहे. पण तुम्ही तो पाहिलाय. उन्हाळ्यात मंडळाची सहल निघते, कालव्याच्या काठाने चार-पाच मैल चालायचं आणि शेवटी कुणाच्या तरी परसात मिसळ. त्या वाटेवर लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या, शेजारी एक पांढरं, बुटकं, काळ्या खिडक्यांचं घर लागायचं. समोर दोन-तीन रंगीत बोटी, दारावर टांगलेल्या टोपल्यांत लाल जिरॅनियम. तेच ते. पोरांना त्याच्यापुढे उभं करून फोटो काढायची पद्धतच पडली होती. मंडळाच्या ग्रूपवर मागे जाऊन मी मोजलं, अकरा वर्षांत एकतीस फोटो निघाले. एकाही फोटोत आपला माणूस दाराच्या आत नाही.

तो बंद झाल्याची बातमी मी ग्रूपवर टाकली तेव्हा कुणीतरी लिहिलं, "अरेरे, किती सुंदर होता!" त्यावर बावीस बदाम पडले. त्या बावीस बदामांनी मला हे पत्र लिहायला बसवलं.

हे पब असे आडबाजूला, रस्त्याकडे पाठ करून का बसलेत, हा प्रश्न सहलीत दर वेळी कुणीतरी विचारतंच. त्यांचं तोंड पाण्याकडे आहे, कारण गिऱ्हाईक पाण्यावरून यायचं. 1769 मध्ये वेन्सबरीच्या खाणींतला कोळसा पहिल्यांदा कालव्याने बर्मिंगहॅमला पोचला, 1772 मध्ये हाच कालवा वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूने पुरा झाला, आणि पुढे शंभर वर्षांत या भागात कालव्यांचं जाळं 160 मैलांवर गेलं. आज त्यातले शंभरेक मैल उरलेत. बोट सात फूट रुंद, सत्तर फूट लांब, आणि ती ओढायला काठावरून चालणारं एक घोडं. लॉकपाशी बोटींची रांग लागायची. घोड्याला चारा हवा, पाणी हवं, रात्रीला तबेला हवा, माणसाला भाकरतुकडा हवा. पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक जिथे थांबतात तिथे ढाबा उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. आमच्या पबच्या मागच्या भिंतीत घोडं बांधायची कडी अजून आहे. शेजारच्या पुलाच्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी बसवलेली आहे, तिच्यावर हात फिरवून बघा. ओल्या दोराला चिकटलेल्या वाळूने त्या लोखंडात बोट जाईल एवढ्या खोल खाचा पाडल्यात. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठच्या दगडाला पडतात, अगदी तशा.

बोटीवर राहणारी कुटुंबं सगळा संसार दहा फूट लांब नि सात फुटांहूनही अरुंद खोलीत करायची. चूल, पलंग, पोरं, सगळं त्यातच. आज इथे उद्या तिथे, त्यामुळे पोरांची शाळा होत नसे आणि पुष्कळांना लिहिता-वाचता येत नसे. आमच्या डॉमिनोच्या, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या खेळाच्या, टेबलावर एक आजोबा होते, त्यांची आई बोटीवर जन्मलेली. ते सांगत, त्यांच्या आजीची पत्रं पबच्या पत्त्यावर यायची आणि काउंटरमागच्या घड्याळाच्या पाठीला खोचलेली असायची. बोट आली की पबवाला ती वाचून दाखवायचा. वाईट बातमी असेल तर आधी मधलं दार लावून घ्यायचा. एवढंच सांगून आजोबा गप्प व्हायचे आणि सोंगटी लावायचे.

बोटींचा धंदा 1962-63 च्या हिवाळ्याने जवळजवळ मोडला. नाताळानंतर कालवे गोठले ते मार्चपर्यंत, बोटी बर्फात अडकून पडल्या, आणि रस्त्याने वळलेला माल पाण्यावर परत आला नाही. तरी पब टिकले, कारण काठावर कारखाने होते. ओतशाळा, पाइपांचे कारखाने, साखळदंडांचे कारखाने. मी स्वतः आलो तो ओतकामासाठीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोठा झालेला माणूस मी. इथल्या फाउंड्रीत पहिल्या दिवशी पाय टाकला आणि साच्याच्या वाळूचा तोच जळका वास आला, तेव्हा परदेशात आल्यासारखं वाटेना. भट्टीपुढे आठ तास उभं राहिलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी निघून जातं. इथले लोक ते माइल्डने भरून काढत. ही गडद रंगाची, हलकी, जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांची बिअर. मी ताकाची बाटली न्यायचो. ते हसायचे, मी हसायचो.

मी पबात पहिल्यांदा गेलो तो एका मयताच्या दिवशी. भट्टीवरचा माझा जोडीदार गेला, अंत्यविधी झाला, आणि सगळे तिथून थेट पबात. आपल्याकडे घरी येऊन अंघोळ करायची रीत, त्यामुळे मी दारातच घुटमळलो. पबच्या मालकिणीला तिथे सगळे गॅफर म्हणत. या भागात मुकादमालाही गॅफर म्हणतात आणि पबवाल्यालाही. गॅफर म्हणाली, "काय घेणार, बॅब?" बॅब म्हणजे इथलं बाळा. मी पाणी मागितलं. तिने सोड्यात लिंबाचं सरबत घालून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. डॉमिनोच्या टेबलावर चौथी खुर्ची रिकामी होती, ती गेलेल्याचीच. तिघांनी माझ्याकडे बघितलं. मला गणित बरं येतं हे त्यांना कारखान्यात माहीत होतं. खेळात मांडलेल्या ओळीच्या दोन्ही टोकांच्या ठिपक्यांची बेरीज पाचने किंवा तिनाने भागली जायला हवी, जितके भाग तितके गुण. पंधरा जमले तर आठ, कारण पाचाचे तीन भाग नि तिनाचे पाच. त्या दिवशी मी तिसऱ्या डावात पंधरा जमवले. त्यानंतर दर गुरुवारी सात वाजता माझी जागा ठरली. विलासचा विल झाला, आणि बऱ्याच वर्षांनी "आवर विल".

काय गेलं, असं मला आता लोक विचारतात. बिअरचं म्हणाल तर ती सुपरमार्केटात स्वस्त मिळते. काउंटरमागे खिळ्यांची एक फळी होती. तिच्यावर आसपासच्या नऊ घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असत. कुणी बाहेर अडकलं, कुणी म्हातारं दार उघडेना, की गॅफर किल्ली काढून द्यायची. त्याच फळीखाली एक निळी वही. दर आठवड्याला कुणी दोन पौंड, कुणी पाच पौंड त्या वहीत टाकायचं आणि डिसेंबरात काढून घ्यायचं. इथे त्याला डिडलम म्हणतात. नाव ऐकलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या आईची भिशी अगदी अशीच होती, वहीसुद्धा निळीच. बोटीवर राहणाऱ्यांना पत्ता नसतो, त्यांची पार्सलं इथे यायची. एक भिंतीतली खिडकी होती, तिला आउटडोअर म्हणत. पूर्वी पोरं भांडं घेऊन तिथून बापासाठी बिअर न्यायची. अलीकडे त्या खिडकीवर गॅफर कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवायची. चीज-कांद्याचा पाव दुपारी दोनपर्यंत मिळायचा. इथल्या बोलीत तो कॉब. कांदा असा जाड चिरलेला की संध्याकाळपर्यंत तोंडाला वास. आमच्या सौ. मला दारातच ओळखायच्या.

आणि आजोबा. वय चौऱ्याऐंशी, एकटेच राहत. गुरुवारी सव्वासातपर्यंत आले नाहीत तर गॅफर फळीवरची किल्ली काढून माझ्या हातात द्यायची. एकोणीस वर्षांत दोनदा असं झालं. एकदा त्यांना ताप होता आणि एकदा ते क्रिकेट बघत बसले होते. पब बंद झाल्यावर आम्ही डॉमिनो माझ्या घरी हलवायचा प्रयत्न केला. दोन गुरुवार जमलं. पण दुसऱ्याच्या घरी जायचं म्हटलं की माणूस कपडे बदलतो, बिस्किटांचा पुडा घेतो, आणि तिसऱ्या वेळी अवघडून येतच नाही. लायब्ररी पाचला बंद होते. एप्रिलमध्ये आजोबा न्हाणीघरात पडले आणि दोन दिवस तिथेच होते. दूधवाल्याच्या लक्षात आलं. आता ते डडलीत वृद्धाश्रमात आहेत, मला ओळखतात, गुण मोजायला चुकतात.

तर आता दोष कुणाचा, हे बघू. कंपनीचा आहेच, तो आधी सांगतो.

1989 पर्यंत इंग्लंडमधले निम्म्याहून जास्त पब सहा बड्या ब्रुअरींच्या मुठीत होते. सरकारने नियम आणला की दोन हजारांहून जास्त पब असलेल्यांनी वरच्यांतले अर्धे तरी मोकळे करावेत. हेतू चांगला होता. ब्रुअरींनी पब विकले आणि ते घेतले नव्याने उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी, ज्यांना बिअर गाळायची नव्हती, जागा सांभाळायच्या होत्या. चालवणाऱ्याने कंपनीला भाडं द्यायचं आणि बिअरही तिच्याकडूनच, ती सांगेल त्या भावाने घ्यायची. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना हे चटकन कळेल. ऊसवाल्यांना झोनबंदी होती तेव्हा ऊस ठरलेल्याच कारखान्याला घालावा लागे. इथे उलटं, माल ठरलेल्याच दारातून घ्यावा लागतो. 2016 मध्ये यासाठी एक संहिता आली, बिअरच्या अशा अटीला बांधलेले पाचशे किंवा त्याहून जास्त पब असणाऱ्या कंपन्यांना ती लागू आहे, आणि तिच्याखाली नुसतं बाजारभावाने भाडं देऊन मोकळं होता येतं. आमच्या गॅफरने ते मागायचा विचार केला होता. वकिलाचा खर्च ऐकून गप्प बसली.

बाकीची कारणं तुम्हाला माहीतच आहेत. 2007 मध्ये धूम्रपानबंदी आली, आणि माझ्या छातीच्या दृष्टीने ती उत्तमच झाली. मग कोविड, मग विजेचे दर. त्याआधीच काठावरचे कारखाने एकेक करून गेले होते, माझाही गेला. देशात 2000 मध्ये साठ हजारांवर पब होते, आता ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आलेत. कालव्याकाठच्यांना आणखी एक रोग आहे. पूर्वी ज्या पाण्याला कोळशाचा नि तेलाचा वास यायचा, त्याच पाण्याकाठी आता फ्लॅटला जास्त भाव येतो. पबच्या जमिनीला पबपेक्षा मोल आलं.

पब सरळ पाडता येत नाही, हे खरं. 2017 पासून पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला रीतसर परवानगी लागते. पण फळ्या ठोकून दोन हिवाळे तसाच ठेवला, छपराचं शिसं कुणीतरी काढून नेलं, पाणी मुरलं, की मग इमारत परवडत नाही असा अहवाल सहज तयार होतो. हिमलेच्या क्रुकेड हाऊसचं तुम्हाला आठवत असेल. खाणींमुळे जमीन खचून कललेला, टेबलावर गोटी ठेवली तर चढावर गेल्यासारखी दिसणारा तो पब. विकला गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, 2023 च्या ऑगस्टमध्ये, त्याला आग लागली आणि दोन दिवसांत तो जमीनदोस्त झाला. कौन्सिलने पुढच्या फेब्रुवारीत होता तसा परत बांधा अशी नोटीस काढली. त्या वेळी आपल्या ग्रूपवरही खूप हळहळ झाली होती. तोही फोटोत होता, कलता कलता.

कंपनीचं झालं. आता माझं आणि तुमचं.

माझ्या लिंबू-सोड्याचा हिशेब केला. वर्षाचे अठ्ठेचाळीस गुरुवार, दर वेळी दोन ग्लास, एकोणीस वर्षं. अठराशेचोवीस ग्लास होतात. सगळे पैसे एकत्र केले तरी गॅफरच्या शेवटच्या हिवाळ्यातल्या एका महिन्याच्या विजेच्या बिलाला पुरले नसते. शेगडीची ऊब, खुर्ची, सोबत आणि आजोबांची किल्ली, हे सगळं मी तिच्याकडून जवळजवळ फुकट घेत होतो. हे मला ती पब सोडून गेल्यावर कळलं. ती आता बहिणीकडे राहते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. तिला हे मी सांगितलं तेव्हा म्हणाली, "निदान तू यायचास तरी."

तुम्ही आला नाहीत, याचं कारण मी समजू शकतो. पब म्हणजे गुत्ता, हे डोक्यात घट्ट आहे. शिवाय ही जागा आपली नाही, असं वाटतं. ते वाटणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. इथून चार मैलांवर स्मेदिक आहे. तिथल्या फाउंड्र्यांत पंजाबी लोक साठच्या दशकात सगळ्यांत जड नि गरम काम करायचे, आणि संध्याकाळी पबात गेले तर स्मोक रूममध्ये, म्हणजे पबातल्या जरा बऱ्या बैठकीच्या खोलीत, त्यांना घेत नसत, कुठे कुठे अजिबातच नाही. 12 फेब्रुवारी 1965 ला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारा माल्कम एक्स स्मेदिकला येऊन गेला, इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतार सिंग जौहल यांनी त्याला तिथे फिरवलं. नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी कायदा आला आणि पबात वर्णावरून मज्जाव करणं बेकायदा ठरलं. कायदा आला तरी दारं एका रात्रीत उघडली नाहीत. जौहल आणि त्यांचे सोबती पबात जाऊन बसायचे, मागायचे, नाकारलं तरी उठायचे नाहीत.

आणि पुढे काय झालं बघा. जिथे त्यांना उभं करत नव्हते त्या भागातले पब मरायला लागले, तेव्हा ते घेतले पंजाब्यांनीच. स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच, वुल्व्हरहॅम्प्टनमधले आजचे देसी पब तसे आहेत. तापलेल्या तव्यावर चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल, एका कोपऱ्यात डार्ट, एका कोपऱ्यात कबड्डीची ढाल, आणि गोरे म्हातारे आपल्या जुन्याच टेबलावर. आपल्यातले बरेचजण तिथे ग्रिल खायला जातात, मला माहीत आहे, कारण तिथले फोटो आतले असतात. ज्यांचा सगळ्यांत जास्त राग असायला हवा होता त्यांनी गल्ला सांभाळला, आणि ज्यांना कुणी कधी अडवलं नाही असे आपण बाहेरून जिरॅनियमचे फोटो काढत राहिलो. हे मला खटकतं. टोचून लिहितोय, पण पहिलं बोट स्वतःकडेच आहे.

डडलीच्या ब्लॅक कंट्री म्युझियममध्ये बॉटल अँड ग्लास नावाचा पब आहे. आपण मुलांना घेऊन गेलोय, फरशीवर भुसा पसरलेला असतो, गॅसचे दिवे असतात. तो ब्रायर्ली हिलजवळ असाच कालव्यावर होता. उचलून, विटा लावून म्युझियममध्ये पुन्हा उभा केला. तिथे मात्र आपण सगळे आत गेलो होतो, तिकीट काढून.

थोडं विषयांतर करतो, कोल्हापूरकर आहे म्हणून. टिप्टनमध्ये कालव्यावर फाउंटन नावाचा पब आहे, तो विल्यम पेरी या मुष्टियोद्ध्याचा अड्डा होता. 1819 चा जन्म, बोटीवर वाढलेला, एक पाय गुडघ्यात वाकडा. टिप्टन स्लॅशर म्हणून तो इंग्लंडचा अजिंक्यवीर झाला. हातमोजे नसत तेव्हा, उघड्या मुठींनी लढत. 1857 मध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी लहान अंगाच्या टॉम सेयर्सशी लढताना त्याने होतं नव्हतं ते, स्वतःचा पबसुद्धा विकून, स्वतःवरच लावलं आणि हरला. आता कालव्याशेजारच्या बागेत त्याचा पुतळा आहे, मुठी आवळलेला. मी रोज फिरायला तिकडून जातो. पुतळा बघितला की गंगावेशीतले म्हातारे पैलवान आठवतात, तालमीच्या ओट्यावर बसून जुन्या कुस्त्या पुन्हा पुन्हा लढणारे. आमच्या पबात स्लॅशरची ती हार मी शंभरदा तरी ऐकली असेल, आणि प्रत्येक वेळी तो थोडक्यातच हरला.

बरं, मुद्द्यावर येतो.

आमच्या बंद पबपासून दीड मैलावर, त्याच काठावर, दुसरा पब आहे. पुलाखालून गेलं की डावीकडे, विटांचा, बाहेरून दिसायला बेतास बात, फोटोला अजिबात चांगला नाही. तो एक बाई आणि तिचा मुलगा चालवतात. त्याच्या मागच्या गाडीतळावर आठ घरं बांधायचा अर्ज आलाय. गाडीतळ गेला की पब आपोआप जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आम्ही एकवीस जणांनी सह्या करून तो पब 2011 च्या कायद्याखाली स्थानिकांच्या मोलाची वास्तू म्हणून नोंदवून घेतला. आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या गटाला एकवीस माणसं लागतातच. त्या यादीत मराठी आडनाव एकटं माझं. या नोंदीने फार काही होत नाही, विकायला काढला तर लोकांना सहा महिने मिळतात पैसे जमवायला, आणि मालकाने आपल्यालाच विकावा अशी सक्तीही नाही. तरी सहा महिने म्हणजे सहा महिने.

तुम्हाला दोन गोष्टी मागतो. पहिली सोपी. पुलाजवळच्या दिव्याच्या खांबाला पिवळी नोटीस बांधलीय, तिच्यावर अर्जाचा क्रमांक आहे. कौन्सिलच्या साइटवर त्या क्रमांकाखाली आपलं म्हणणं लिहा. मी लिहिलेलं उतरवू नका, एकसारखी पन्नास पत्रं एकाच पत्रासारखी वाचली जातात. तुम्ही काठाने चालता, पोरांना सायकल शिकवता, वाटेत स्वच्छतागृह एवढं एकच आहे, हेसुद्धा लिहिण्यासारखं आहे.

दुसरी मंडळाच्या कार्यकारिणीला. दर वर्षी कोजागिरी आपण शाळेच्या हॉलमध्ये करतो. ट्यूबलाइट, घड्या होणाऱ्या खुर्च्या, साडेनऊला हॉल रिकामा करायचा, आणि चंद्र बघायला सगळ्यांनी कोट घालून पार्किंगमध्ये उभं राहायचं. त्या पबात वरच्या मजल्यावर मोठी खोली आहे, साठ माणसं बसतील. मंगळवारी कबुतरं उडवणारे तिथे जमतात, एरवी ती रिकामी. पाण्याकडे तीन खिडक्या. बाईंशी मी बोललो. खोलीचं भाडं नको म्हणाल्या, खाली थोडं काही घ्या एवढंच. मसाला दूध म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. केशर, वेलची, बदाम, चारोळी. चारोळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही. त्यांना वाटलं आपण त्यात रमही घालतो. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या.

मुलांचं म्हणाल तर मोठ्यांबरोबर मुलांना पबात यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि वरच्या खोलीत तर प्रश्नच नाही. ज्यांना मटणाच्या वासाचा त्रास होतो त्यांनी खिडकीजवळ बसावं, ऑक्टोबरची हवा सगळे वास घेऊन जाते. लोक काय म्हणतील, असं मागच्या बैठकीत एका ज्येष्ठांनी विचारलं. कुठले लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. इथले लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. "काय घेणार, बॅब?" असं म्हणतील. लिंबू-सोडा सांगा. पण माझ्यासारखं दोन ग्लासांवर चार तास बसू नका, जेवण मागवा. आत सारण भरून भाजलेला पाय (pie) आहे, चिप्स आहेत, वाटाण्याची उसळ म्हणता येईल असं काहीतरी आहे, त्याला वरून तिखट लागतं, ते घरून आणलं तरी चालेल, मी विचारून ठेवलंय.

आजोबांना त्या दिवशी वृद्धाश्रमातून आणायची परवानगी मी काढतोय. त्यांच्यासाठी खाली डॉमिनोचं एक टेबल अडवून ठेवलं आहे, एक खुर्ची कमी पडते. ज्यांना पाचाचा नि तिनाचा पाढा येतो त्यांनी कळवावं.

आणि ज्यांच्याकडे गणपतीच्या प्रसादाचं ते मोठं पातेलं आहे, त्यांनीही. तिथल्या स्वयंपाकघरातलं मोठ्यात मोठं भांडं चिप्स तळायचं आहे, त्यात दूध तापवलं तर काय होईल ते मी बाईंना सांगून पाहिलं, त्यांना पटलेलं दिसलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विलास
टिप्टन, मूळ मुक्काम कोल्हापूर